खुंटी भिंतीत आहे तोवर

लवंगी हे काही तिचं खरं नाव नव्हे. हातमोज्यांच्या कारखान्यात कामाला लागली त्या पहिल्याच दिवशी एका पोट सुटलेल्या जुन्या कारागिरानं तिला म्हटलं, "पोरी, मधे मधे लुडबुडू नकोस, बाजूला हो." तर ही म्हणाली, "काका, मी इथं काम करायला आलेय, तुमचं पोट चुकवत चालायला नाही." अख्खा कटिंग हॉल खो खो हसला. तिचे मामा, म्हणजे तिच्या आईचे सख्खे भाऊ, त्या हॉलचे मास्तर होते. त्यांनीच तिला तिथं चिकटवली होती. त्यांनी कपाळाला हात लावला. "लवंगी मिरची आहे नुसती!" ते म्हणाले, आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. पुढं पगाराच्या पाकिटावरसुद्धा कुणीतरी पेन्सिलीनं तेच लिहायचं.

आता या हॉलची एक रीत आधी सांगायलाच हवी, कारण पुढचं सगळं रण तिच्यावरून पेटलं.

कातडं कापायची कात्री म्हणजे घरातली, दोरा तोडायची कात्री नव्हे. लांब, जड, आणि मुठीला ज्याच्या त्याच्या हातानं गुंडाळलेली चिंधी. ओलसर कातडं टेबलावर ताणायचं, साचा ठेवायचा आणि एका दमात कापत जायचं. अंगठ्याच्या वळणावर हात अडखळला की तो हातमोजा जन्मभर कुणाच्या तरी बोटाला टोचणार. कात्री ज्याची त्यानं स्वतःच्या पैशानं घ्यायची, आणि ती त्याच्याच हाताला वळण धरते. दुसऱ्याच्या हातात तीच कात्री कातडं चावते, कापत नाही. लवंगी म्हणायची, "बायांनो, वेळ पडली तर माझा नवरा उसना न्या, पण कात्री मागू नका." नवरा बस चालवायचा. त्याच्या कानावर हे गेलं तेव्हा तो एवढंच म्हणाला, "नेणाऱ्या बाईला आधी विचारलंस का?"

तर नवा माणूस आला की मास्तर स्वतः हॉलच्या लांब भिंतीत एक लाकडी खुंटी ठोकायचे आणि तिच्या तोंडावर त्या माणसाची खूण कोरायचे. कुणाचा मासा, कुणाची शिडी, लवंगीची अर्थातच मिरची. कात्री रोज संध्याकाळी तिथं टांगायची. काम सोडायच्या दिवशी माणूस आपली कात्री उतरवणार, मालक शेवटचा पगार त्याच्या हातावर ठेवणार, आणि पगार पडल्यावरच मास्तर पकडीनं खुंटी उपटून त्याला देणार. भिंतीत भोक राहायचं ते तसंच. ही रीत थोरल्या मालकांची. ते म्हणायचे, "भोक दिसलं की मला समाधान वाटतं. तो माणूस माझ्याकडून पूर्ण पगार घेऊन गेला."

थोरले मालक गेले आणि धाकटे मालक खुर्चीत बसले. धाकटे मालक वाईट होते असं नाही म्हणणार मी, पण थोरले मालक माणसं मोजायचे आणि हा पोरगा फक्त डोकी मोजायचा. ऑर्डरी आटायला लागल्या. एका सोमवारी सगळ्यांना हॉलमध्ये उभं केलं आणि धाकटे मालक म्हणाले, "कुणालाही काढत नाही. काम येईपर्यंत घरी बसा. ले-ऑफ. अर्धा पगार घरपोच मिळेल, नोकरी शाबूत." लोकांनी सुस्कारा सोडला. अर्धी तर अर्धी, भाकरी तर आहे! कात्र्या खुंट्यांवर टांगून सगळे घरी गेले.

पहिला अर्धा पगार आला. नंतरचा उशिरा आला. पुढचा येतो येतो करत राहिला.

घरी बसणं हे लवंगीच्या रक्तात नव्हतं. तिनं घरातले सगळे डबे घासले, मग नवऱ्याचे युनिफॉर्म उसवून पुन्हा शिवले, मग खालच्या मजल्यावरच्या मामींशी दोनदा भांडली आणि तीनदा समेट केला. आणि सारखा जीव टांगलेला कात्रीत. बंद हॉल, ओलसर कातड्यांचे गठ्ठे, खिडक्या लावलेल्या. लोखंड आहे ते, गंजणार नाही तर काय करणार? शेवटी एक दिवस ती उठली, कारखान्यात गेली, वॉचमनला म्हणाली, "दादा, दार उघडा, माझ्या लेकीला घरी न्यायचंय." वॉचमन हसला आणि त्यानं दार उघडलं. तिनं खुंटीवरून कात्री काढली, फडक्यात गुंडाळली, आणि राजरोस हातात धरून निघून आली. घरी तेल लावलं, धार केली, उशाशी ठेवली.

हीच ती चूक. चूक म्हणजे काय, तर या हॉलमधल्या माणसानंच करावी अशी चूक. दुसऱ्या कुठल्या कारखान्यात कुणी आपली कात्री घरी नेली तर कुत्रं विचारत नाही. इथं मात्र उतरलेली कात्री म्हणजे निघालेला माणूस. लवंगीला हे ठाऊक नव्हतं असं नाही. तिला वाटलं, हॉलच बंद आहे तर रीत कुणाला दाखवायची, भुतांना?

मग तिला नवीन काम लागलं. अपघातात पाय गेलेल्यांसाठी कृत्रिम पाय बनवणारं एक वर्कशॉप होतं. पाय मांडीला बांधायचा तो चामड्याचा पट्टा कापायला त्यांना पक्का हात हवा होता. तिथल्या बाईंनी तिच्याकडून एक पट्टा कापून घेतला, बोट फिरवून बघितला आणि विचारलं, "कधीपासून येताय?" लवंगी म्हणाली, "नियमानं महिनाभर आधी सांगावं लागतं. ते सांगते आणि येते." बाई म्हणाल्या, "अहो, तुम्ही तर घरीच बसलाय ना?" ही म्हणाली, "घरी बसवलंय, हाकललं नाही. नोकरी आहे माझी. ती रीतसर सोडणार."

तिनं राजीनामा दिला. महिनाभराची नोटीस, सगळं रीतीप्रमाणे. महिना संपल्यावर ती थकलेला ले-ऑफचा पगार आणि नोटिशीच्या महिन्याचा अर्धा पगार मागायला गेली. आधी फाटकावरचा फळा दिसला. या फळ्यावर एरवी सुट्ट्या लिहिलेल्या असायच्या. त्या दिवशी त्यावर खडूनं लिहिलं होतं: 'काम सोडून पळालेले कामगार', आणि खाली एकच नाव. तिचं. खरं नाव, पूर्ण, नवऱ्याच्या नावासकट.

तिच्या कानशिलातून वाफा निघाल्या. सरळ ऑफिसात घुसली.

"मालक, पळालं कोण?"

धाकट्या मालकांनी वर बघितलं. "बसा ना बाई."

"बसायला आले नाही. पळालं कोण?"

"हे बघा, तुम्ही कात्री उतरवून नेलीत. कात्री उतरली म्हणजे माणूस गेला, ही या कारखान्याची रीत आहे. माझी नाही, माझ्या वडिलांची. त्या दिवशी तुम्ही न सांगता काम सोडलंत. त्यानंतरचा ले-ऑफचा पगार तुम्हाला लागू नाही. नोटीसही नाही, कारण सोडलेल्या नोकरीची कसली नोटीस? उलट मधे एक पगार चुकून गेलाय, तो परत करायचाय तुम्हाला."

चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा! लवंगीनं आवाज खाली आणला. तिचा आवाज खाली आला की समजावं, पुढं काहीतरी मोठं आहे.

"ही रीत तुम्हाला सांगितली कुणी?"

"तुमच्याच मामांनी," धाकटे मालक म्हणाले. "एक रिकामी खुंटी दिसली, मी विचारलं. मास्तर म्हणाले, कात्री उतरली म्हणजे माणूस गेला."

"आणि पुढचं? पगार हातावर पडल्याशिवाय खुंटी उपटत नाहीत, ते नाही सांगितलं?"

"असलं काही मास्तर बोलले नाहीत."

ती बाहेर आली तेव्हा तिला मालकाचा नाही, मामांचा राग आला होता. मालक परका. मामांनी तिला हातात हात धरून कातडं ताणायला शिकवलं होतं. आणि त्यांनीच रीत अर्धी सांगितली! अर्धी खरी गोष्ट ही पुऱ्या खोट्यापेक्षा वाईट, असं तिच्या मनात आलं आणि तिनं ते वाटेत मोठ्यानं बोलूनही दाखवलं. शेजारून चाललेला माणूस दचकून बाजूला झाला.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "सोडून दे गं. नवीन काम लागलंय, हात चालताहेत. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?"

"पाण्यात मी राहिलेच नाही, बाहेर आलेय. म्हणूनच तर मासा चावतोय."

"अर्ध्या पगारासाठी..."

"अर्ध्या पगारासाठी नाही हो! पैसे हवेत, हवेतच, माझे आहेत ते. पण ते मालकानं गिळले की फळ्यावरचं खरं ठरतं. उद्या त्या पट्ट्याच्या वर्कशॉपमध्ये कुणी विचारलं की आधीचं काम कसं सोडलं, तर काय सांगू? पळाले म्हणून? मी कधी कुठून पळालेय?"

नवऱ्यानं विचार केला. "लग्नात पळणार होतीस."

"तुमचं तोंड बघून. मग दया आली."

तो हसला आणि मग हसू आवरून म्हणाला, "उद्या माझी दुपारची पाळी आहे. कामगार कचेरीत सोडतो तुला." घरात बसचं स्टिअरिंग कुणाच्या हातात असतं हे त्याला पहिल्यापासून माहीत होतं.

कामगार कचेरीतल्या अधिकारी बाई सडसडीत, कपाळावर चष्मा, बोलणं तुटक. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "ले-ऑफवर घरी बसवलेला माणूस कामावरचाच असतो. राजीनामा दिला म्हणून आधीचा पगार बुडत नाही, आणि नोटिशीचा महिनाही तुमचाच. शेवटच्या दिवसापर्यंतचा ले-ऑफचा पगार त्यांनी द्यायचा. यात वाद नाही."

"मग झालं ना मॅडम!"

"नाही झालं. वाद आहे तो शेवटचा दिवस कोणता, यावर. ते म्हणतात कात्री नेली तो. तुम्ही म्हणता राजीनाम्याची मुदत संपली तो. त्यांनी लिहून दिलंय की मास्तर साक्ष देणार. मी कारखान्यात येते, तिथंच ऐकते. तुमच्या बाजूनं कोण बोलणार?"

लवंगीच्या बाजूनं बोलू शकेल असा एकच माणूस होता आणि त्याला मालकानं आधीच आपला साक्षीदार केलं होतं.

संध्याकाळी ती मामांकडे गेली. दार मामींनी उघडलं. मामा खिडकीशी बसून चष्म्याच्या काचा पुसत होते, ज्या आधीच स्वच्छ होत्या.

"मामा, अर्धं का सांगितलं?"

"अगं, त्यानं विचारलं, मी बोलून गेलो. मला काय ठाऊक तो असा फास करील त्याचा."

"ठीक. बोलून गेलात. मग नंतर कळलं ना? तेव्हा जाऊन उरलेलं का नाही सांगितलं?"

मामा पुसतच राहिले. उत्तर मामींनी दिलं. "पुढच्या वर्षी निवृत्त व्हायचेत. सगळी पुंजी मालकाच्या हातात. म्हणून अळीमिळी गुपचिळी चाललीय यांची. मी सांगितलं, अहो, सख्खी भाची आहे. तर म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागावं लागतं."

"तू गप्प बस," मामा म्हणाले.

"मीच तर बोलतेय या घरात!"

मामांनी चष्मा चढवला आणि भाचीकडे बघितलं. म्हातारा घाबरला होता, आणि आपण घाबरलोय हे तिला दिसतंय, याची त्याला लाज वाटत होती. "लवंगे, मला या वयात दुसरं काम कोण देणार? तुला मिळालं. मला नाही मिळायचं. त्यानं माझे पैसे अडकवले तर मी आणि ही काय खाणार? तू तरुण आहेस, तुझा अर्धा पगार बुडाला तर चालेल. माझं सगळं बुडेल."

हे ऐकून तिचा राग मधेच अडकला. खरं होतं ते. आणि तरीही तिला म्हाताऱ्याचे खांदे धरून गदगदा हलवावंसं वाटलं.

"मामा, मी तुमच्याकडे खोटं बोला म्हणून आले नाही. माझ्यासाठी भीक मागा म्हणूनही नाही. तुम्हीच मला शिकवलंत, अंगठ्याच्या वळणावर थांबलं की हातमोजा गेला. तुम्ही वळणावर थांबलाय. बस्स." ती उठली. "मामी, चहा नको. आज गोड लागणार नाही."

सुनावणीच्या दिवशी हॉल उघडला. ले-ऑफवर बसलेले सगळेच आले, कुणी बोलावलं नसताना. येणारच. लवंगीचं जे होईल तेच उद्या त्यांचं होणार होतं. त्यांच्यातल्या निम्म्यांनी दुसरीकडे कामं बघून ठेवली होती आणि राजीनामा द्यायला घाबरत होते. ते भिंतीला टेकून उभे राहिले. हॉलला तोच वास होता, ओल्या कातड्याचा आणि जुन्या तेलाचा. अधिकारी बाई कापायच्या टेबलाशी बसल्या. धाकट्या मालकांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"आमच्याकडे लेखी करार नंतर आले," ते म्हणाले, "त्याआधीपासून ही रीत आहे. सगळे मानतात. मास्तर सांगतील."

मामा उभे राहिले. "हो. कात्री उतरली म्हणजे माणूस निघाला. रीत आहे तशी."

"एवढंच?" बाईंनी विचारलं.

मामांनी मालकाकडे बघितलं. मालकानं खिडकीबाहेर बघितलं. "एवढंच," मामा म्हणाले, आणि त्यांची मान खाली गेली.

भिंतीकडून कुजबुज उठली. पोटवाला कारागीर, तोच तो, पुढं झाला आणि पुन्हा मागं झाला. त्यालाही पोट होतंच, सगळ्यांत मोठं. लवंगीला एक क्षण वाटलं, संपलं. सगळे मूग गिळून बसणार. फळ्यावर आपलं नाव राहणार आणि पावसानं धुऊन जाईल तेव्हाच जाणार.

मग तिला त्या विचाराचाच संताप आला. तिनं पिशवीतून कात्री काढली आणि टेबलावर ठेवली. फडक्यातून लोखंड वाजलं.

"ठीक आहे, मामा. मी गेले. कात्री उतरवली त्या दिवशीच गेले, मान्य. मग उपटा माझी खुंटी."

तिनं भिंतीकडे बोट दाखवलं.

"उपटा ना! गेलेल्या माणसाची खुंटी भिंतीत कशी काय राहिली? मॅडम, जरा या भिंतीकडे बघा. ही भोकं दिसतात? एकेक भोक म्हणजे एकेक माणूस, जो इथून गेला. गेलेल्याचं भोक, असलेल्याची खुंटी. ती बघा माझी, मिरची कोरलेली. मी एवढे दिवस गेलेय म्हणता, तर मग तिथं भोक हवं होतं. राहून गेलं असेल. चला मामा, पकड घ्या. आत्ता, सगळ्यांसमोर उपटा, आणि द्या माझ्या हातात."

धाकटे मालक हसले. "उपटा मास्तर. एका लाकडाच्या तुकड्यावरून कशाला वाद? संपवून टाका."

मामांनी टेबलाच्या खणातून पकड काढली. भिंतीशी गेले. मिरचीच्या खुंटीवर पकडीचं तोंड बसवलं. ज्या हातानं ती खुंटी ठोकली होती, त्याच हातानं. लवंगी टक लावून बघत होती. उपटली असती, तर तिचं सगळं तिथंच संपलं असतं, कारण रीत मोडणाऱ्या मास्तराला पुन्हा बोलता आलं नसतं.

मामांनी पकड खाली घेतली.

"पगार कुठाय?" ते म्हणाले.

"काय?" धाकटे मालक म्हणाले.

"पगार, मालक. शेवटचा. तो माणसाच्या हातावर पडल्याशिवाय मी आजवर एक खुंटी उपटली नाही. तुमच्या वडिलांनी मला हे काम दिलं तेव्हा एकच अट घातली होती, आधी पगार, मग पकड." मामा बाईंकडे वळले. "मॅडम, मघाशी मी अर्धंच बोललो. घाबरलो होतो. माझे पैसे यांच्याकडे आहेत म्हणून घाबरलो. आता पुरं सांगतो. कात्री उतरणं म्हणजे माणूस निघाला. खुंटी निघणं म्हणजे माणूस गेला. या दोहोंच्या मधे पगार असतो. खुंटी भिंतीत आहे तोवर ही पोरगी इथली कामगार आहे."

"वा रे पठ्ठे!" भिंतीकडून कुणीतरी ओरडलं. पोटवाला कारागीर आता खरंच पुढं आला. "मास्तर खरं बोलतात. मीही सांगतो. माझ्या भावाची खुंटी अशीच पगार देऊन काढली. तो आहे घरी, बोलावू?" मग एकामागून एक सगळेच बोलायला लागले, आणि बाईंना टेबलावर हात आपटावा लागला.

धाकट्या मालकांच्या इस्त्रीला घाम फुटला. "मॅडम, हे काय चाललंय? कायदा बघायचा की खुंट्या?"

"कायद्यानं तर तुम्ही आधीच हरलाय," बाई शांतपणे म्हणाल्या. "राजीनामा त्यांनी दिला, नोटीस दिली. कात्रीची रीत पुढं केली ती तुम्ही. मग रीत पुरी चालेल, अर्धी नाही. आणि रीत नकोच म्हणत असाल तर मग कात्री नेली म्हणजे नोकरी सोडली, हेही गेलं. दोन्हीकडून पगार द्यावाच लागतोय. इथंच देता की मी कचेरीत बोलावू?"

मालकानं पैसे आणायला माणूस धाडला. पाकीट आलं. त्यांनी ते टेबलावर सरकवलं.

लवंगीनं हात पुढं केला नाही. "रीत काय आहे? मालकानं हातावर ठेवायचं. टेबलावर फेकायचं नाही. आणि त्याआधी फळा."

"कसला फळा?"

"फाटकावरचा. माझं नाव आहे त्याच्यावर. लिहिलंत तुम्ही, पुसायचंही तुम्ही."

"शिपाई पुसेल."

"शिपायानं लिहिलं का? अक्षर ओळखते मी तुमचं, मालक. पगाराच्या पाकिटांवर बघितलंय."

धाकट्या मालकांनी अधिकारी बाईंकडे बघितलं. बाई चष्म्याची दांडी तपासत होत्या. मालक उठले, फाटकाशी गेले आणि आपल्या इस्त्रीच्या बाहीनंच फळा पुसला, कारण फडकं शोधायला गेलं असतं तर जास्त लोक बघत बसले असते. खिडक्यांतून सगळे बघतच होते म्हणा. परत आले, पाकीट उचललं, आणि लवंगीच्या तळहातावर ठेवलं. ती "आभारी आहे" वगैरे काही म्हणाली नाही. आपले पैसे घेतले की आभार कसले?

मामांनी खुंटी उपटली. सहज आली, जणू वाटच बघत होती. त्यांनी मिरचीवरचा चुना अंगठ्यानं पुसला आणि ती भाचीच्या हातात दिली.

धाकटे मालक हलक्या आवाजात म्हणाले, पण हॉलमध्ये सगळं ऐकू जातं, "मास्तर, खाल्ल्या मिठाला जागला नाहीत."

मामा थांबले. पाठ जराशी सरळ झाली. "मालक, मीठ मी इथं कमवून खाल्लंय. फुकट कुणी दिलं नव्हतं."

आणि मग ते कोपऱ्यातल्या खुंटीशी गेले. सगळ्यांत जुनी खुंटी, थोरल्या मालकांनी स्वतः ठोकलेली, तिच्यावर कात्रीचीच खूण. तिथून त्यांनी आपली कात्री उतरवली. लवंगी पुढं धावली. "मामा, अहो काय करताय!"

"निघतोय. राजीनामा उद्या आणून देतो, नोटिशीसकट. माझा हिशेब करून ठेवा, मालक, सगळा. तोवर माझी खुंटी तिथंच राहील."

धाकटे मालक हसण्याचा प्रयत्न करत म्हणाले, "ठेवा की. तुमची खुंटी उपटणार कोण? मास्तर तर तुम्हीच."

हे मात्र खरं होतं. मास्तराची खुंटी कोण उपटणार, हे या हॉलमध्ये कधी कुणी ठरवलंच नव्हतं. मामा क्षणभर हातातल्या पकडीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती लवंगीच्या हातात दिली आणि तिची बोटं तिच्यावर मिटवली, अगदी काम शिकवताना कात्रीवर मिटवली होती तशी.

लवंगी कधी रडत नसे. त्या दिवशी तिचे डोळे भरून आले आणि तिनं ते लपवलेही नाहीत. तिनं खुंटी पिशवीत टाकली, कात्री फडक्यात गुंडाळली, आणि पकड मात्र हातातच ठेवली.

"मामा, पैसे मी मोजून घेणार हं," ती म्हणाली. "तुमच्या मोजण्यावर माझा काडीचा भरवसा नाही." मग तिनं धाकट्या मालकांकडे वळून बघितलं. "तारीख सांगा, मालक. मी येते."